आर्चटॉपला भोक न पाडता पिकअप

ड्रम आणि सॅक्सोफोनसोबत वाजवताना माझी आर्चटॉप (फुगीर, कोरीव फळीची) गिटार ऐकूच यायची नाही. माइक जवळ नेला की शिट्टी. एका कारागिराने वरची फळी कापून पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकीय भाग) बसवायला सांगितलं. मन धजावलं नाही. कोरीव स्प्रूसची ती फळीच तर आवाज देते! 1936 च्या गिब्सन ईएस-150 मध्ये पिकअप फळीतच बसवलेला असे, पण ती गिटार घडवलीच होती त्यासाठी.

मी तरंगता पिकअप घेतला आणि पिकगार्डला, म्हणजे तारांशेजारच्या संरक्षक पट्टीला, जोडला. फळीला तो टेकत नाही, दोनेक मिलिमीटर वर राहतो. व्हॉल्यूमचं बटणही पिकगार्डवरच, वायरचं सॉकेट टेलपीसजवळ (तारांची खालची टोकं धरणारा भाग) छोट्या पट्टीवर. दुहेरी चिकटपट्टी टाळली; जुनं लॅकर तिच्यासोबत निघून येऊ शकतं.

तरी घोळ उरलाच. बी तार कानात घुसायची, जाड तारा मात्र मंद. दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसलो. दोष तारांचा होता: ब्राँझ चुंबकीय नसतं, त्यामुळे जाड तारांभोवतीच्या ब्राँझच्या वेटोळ्यांचा पिकअपला उपयोगच होत नाही. निकेलच्या तारा चढवल्या, बी तारेखालचा पिकअपचा स्क्रू थोडा उतरवला, आणि सहाही तारा एका पातळीवर आल्या. टेलपीसला अर्थची वायर जोडल्यावर अँपमधली घरघरही थांबली.