घरच्यांना सकस खायला लावताय? या चुका टाळा

बाबांचा शुगरचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी घरातली साखर, फरसाण, पापड सगळं पिशवीत भरून शेजारी देऊन आलो. चौथ्या दिवशी बाबा कोपऱ्यावरच्या टपरीवर गोडमिट्ट चहा पिताना सापडले. एका दिवसात सगळं बंद करायला गेलो, तिथेच फसलो. मग दर आठवड्याला चहातली पाव चमचा साखर कमी केली. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला दीड महिना लागला, पण कुरकुर झाली नाही.

मध्येच आईने साखरेऐवजी गूळ सुरू केला होता. गूळही शेवटी साखरच. रक्तातली शुगर तोही वाढवतोच.

पोळीऐवजी ज्वारीची भाकरी सुरू केली, तिथे मात्र खरी माती खाल्ली. थापताना कडा चिरायच्या, गार झाली की वातड. दोन दिवसांत सगळे पुन्हा पोळीवर. आत्या आली, पिठाचा डबा हुंगला आणि म्हणाली, "अरे, विरी गेलीय याची." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. महिन्यापूर्वीचं दळण होतं ते! ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक धरून ठेवणारं प्रथिन, नसतं, त्यामुळे जुनं पीठ धरून राहत नाही. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. कडकडीत पाण्यात कालवा आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ तळहाताने रगडून मळा. सुरुवात रात्रीच्या जेवणात, पिठल्यासोबत, तव्यावरून थेट ताटात. आणि भाकरी आहे म्हणून चार खायच्या नाहीत, पिष्ट (स्टार्च) तिच्यातही भरपूर असतं.

'मल्टिग्रेन' बिस्किटांचा पुडा उलटा करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. सुरुवातीलाच मैदा, साखर, पामतेल असेल तर नाचणी नावापुरतीच.

मिठाचं गणित अवघड. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं-पापडही आले. सैंधवाने सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. भाजी अळणी लागली तर लिंबू पिळा, आमटीत कोकम टाका, वरून दाण्याचं कूट घाला. मिठाची वाटी टेबलावरून उचलून ओट्यावर ठेवली, तेव्हापासून आमच्याकडे निम्मे लोक उठायचा कंटाळा करतात.

आणि बाबांचं वेगळं ताट बंद केलं. "आजाऱ्याचं जेवण नको मला," असं ते म्हणायचे. आता पडवळाची भाजी सगळ्यांनाच, मलासुद्धा.