व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू बसवताना स्क्रीन काळी पडली, तर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात 'विंडोज काढून टाका आणि लिनक्स बसवा' हा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. घरात लॅपटॉप एकच असतो. त्यावर कन्नड मजकुरासाठी नुडी आणि मराठी मजकुरासाठी जुने फॉन्ट विंडोजमध्येच बसवलेले असतात, आणि ती मांडामांड मोडण्याची कोणाचीही तयारी नसते. म्हणून इथले विद्यार्थी विंडोजमध्येच व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम वापरून व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला आभासी संगणक, तयार करतात आणि तिच्यात उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसवतात. अनेक लॅपटॉपांवर हे काम केल्यानंतर मी इतके सांगू शकतो की, बहुतेक जण एकाच जागी अडतात. मशीन सुरू होताच येणाऱ्या पहिल्या यादीतून उबुंटू निवडले की स्क्रीन काळी होते आणि काळीच राहते.

मशीन तयार करताना तिला ४०९६ एमबी मेमरी, दोन प्रोसेसर आणि २५ जीबी डिस्क द्यावी. लॅपटॉपची रॅम ८ जीबीपेक्षा कमी असेल, तर उबुंटूऐवजी त्याचेच हलके रूप असलेले झुबुंटू घ्यावे. मेमरी अपुरी पडली की इन्स्टॉलर अडखळतो आणि दोष उगाच स्क्रीनवर येतो.

काळी स्क्रीन दिसताच 'आयएसओ फाइल (जिच्यातून उबुंटू बसवतात ती) खराब आहे, पुन्हा डाउनलोड करा' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला मी एका पावसाळ्यात खानापुरात पाळला. वीज जात-येत असताना, मोबाइलच्या इंटरनेटवर सहा जीबीच्या आसपासची तीच फाइल मी तीन वेळा उतरवली आणि तिन्ही वेळा स्क्रीन तशीच काळी राहिली. फाइलचा संशय असेल, तर तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक, उबुंटूने दिलेल्या हॅशशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले, तर त्या फाइलला पुन्हा हात लावू नये.

सर्वप्रथम मशीन बंद पडली आहे की केवळ चित्र येत नाही, हे ठरवावे. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत डिस्क आणि सीडीची छोटी चिन्हे असतात. ती मधूनमधून उजळत असतील, तर आत काम चालू आहे. त्याच पट्टीत हिरवे कासव दिसत असेल, तर विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय, हायपर-व्ही, आड आली आहे आणि मशीन फार संथ चालणार आहे. अशा वेळी दहा मिनिटे थांबल्याशिवाय काहीही निष्कर्ष काढू नये. त्यानंतर उजवे कंट्रोल आणि एफ-३ ही बटणे एकत्र दाबावीत. पांढऱ्या अक्षरांत लॉगिनची ओळ किंवा आज्ञा लिहिण्याची जागा आली, तर प्रणाली जिवंत आहे आणि दोष फक्त चित्राचा आहे. ज्या लॅपटॉपवर उजवे कंट्रोल नसते, तिथे व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये 'होस्ट की' म्हणून दुसरे बटण निवडावे.

आता मशीन पूर्णपणे बंद करावी. 'सेव्ह स्टेट' करून, म्हणजे चालू स्थितीतच गोठवून, ठेवलेल्या मशीनची ग्राफिक्सची सेटिंग बदलता येत नाही. मशीनच्या सेटिंग्जमधील डिस्प्लेच्या पानावर ग्राफिक्स कंट्रोलर (मशीनचे आभासी चित्र-कार्ड) व्हीएमएसव्हीजीए ठेवावा, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करावी आणि थ्री-डी ॲक्सिलरेशनची खूण काढून टाकावी. कंट्रोलरचा पर्याय दिसला नाही, तर सेटिंग्जमध्ये 'एक्स्पर्ट' निवडावे. थ्री-डी चालू केल्याने चित्र सुधारते, असे सांगणाऱ्यांचे इन्स्टॉलेशनच्या वेळी अजिबात ऐकू नये. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक काळ्या स्क्रीन ती एक खूण काढल्यावर उजळल्या आहेत. व्हीबॉक्सव्हीजीए हा पर्याय जुन्या विंडोजसाठी आहे, त्यामुळे उबुंटूसाठी तो निवडू नये.

एवढे करूनही चित्र आले नाही, तरच 'नोमोडसेट' वापरावे. सुरुवातीच्या यादीत उबुंटूच्या ओळीवर थांबून इंग्रजी 'ई' हे अक्षर दाबावे. जी ओळ 'लिनक्स' या शब्दाने सुरू होते, तिच्यात तीन जोडरेघा दिसतील. त्या रेघांच्या आधी, दोन्ही बाजूंना एकेक जागा सोडून, 'नो', 'मोड' आणि 'सेट' हे तीन इंग्रजी शब्द छोट्या लिपीत एकमेकांना जोडून लिहावेत आणि एफ-१० दाबावे. रेघांच्या आधी लिहा असे मी आग्रहाने सांगतो, कारण रेघांनंतर लिहिलेला शब्द बसवलेल्या प्रणालीतही उतरतो. नोमोडसेटमुळे लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला ठेवतो आणि साध्या चित्रावर काम भागवतो. इन्स्टॉलेशनपुरते ते पुरेसे असते. परंतु हा शब्द कायमचा राहिला, तर ड्रायव्हर कधीच चालू होत नाही, आणि मग खिडकी मोठी केली तरी आतला डेस्कटॉप लहानच का राहतो, याचा शोध घेण्यात आठवडा जातो. माझ्याकडे येणाऱ्या 'स्क्रीन मोठी होत नाही' या तक्रारींमागे बऱ्याचदा हाच विसरलेला शब्द निघतो.

इन्स्टॉलरची खिडकी खाली कापली जाऊन 'नेक्स्ट'चे बटण दिसत नसेल, तर विंडोजचे बटण दाबून धरावे आणि माउसने खिडकी वर ओढावी. न दिसणारे बटण टॅब आणि एंटरच्या भरवशावर दाबू नये. डिस्क पुसण्याविषयी विचारले, तर होकार द्यावा. ती डिस्क मशीनचीच असते, विंडोजला धक्का लागत नाही.

पुढचे इन्स्टॉलेशन आपोआप होते. मशीन नव्याने सुरू झाल्यावर 'डिव्हायसेस' मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची (मशीनच्या आत बसवायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या पूरक प्रोग्रॅमची) सीडी घालावी आणि तिच्यातील प्रोग्रॅम चालवावा. त्याआधी जीसीसी व मेक ही प्रोग्रॅम बांधण्याची साधने आणि चालू कर्नलचे हेडर्स (त्याच्यासाठी ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवलेले असावेत, नाहीतर ॲडिशन्स अर्धवट बसतात. मशीन पुन्हा सुरू करून 'व्ह्यू' मेनूत 'ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले' चालू आहे ना, हे पाहावे. यानंतर खिडकीचा कोपरा ओढला की डेस्कटॉपही तितकाच मोठा झाला पाहिजे. तसा झाला की मशीन बंद करून लगेच स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या स्थितीची जतन केलेली नोंद, घ्यावा. पुढे कधी कर्नल अपडेट झाल्यावर स्क्रीन पुन्हा काळी पडली, तर सुरुवातीच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून आधीचा कर्नल निवडावा, नव्या कर्नलचे हेडर्स बसवावेत, त्या नव्या कर्नलवर मशीन सुरू करून ॲडिशन्स पुन्हा चालवाव्यात, आणि तेही साधले नाही तर त्या स्नॅपशॉटवर परत यावे.