पदवीधरला दुसरी पसंती लिहावी का?

विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक लागली की गुहागरातले माझे जुने विद्यार्थी विचारतात, "बाई, दुसरी पसंती दिली तर पहिल्याचं नुकसान होतं का?" होत नाही. पण आधी लोकसभेचं मत कसं मोजतात ते बघा.

तिथे एकच मत. सर्वांत जास्त मतं ज्याला, तो निवडून आला. निम्मी मिळालीच पाहिजेत असं नाही. २०१४ ला रायगडात अनंत गीते सुनील तटकरेंपेक्षा २,११० मतांनी पुढे राहिले, आणि तटकरेंच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती. म्हणून पक्ष समोरच्याची मतं फोडायला बघतात, आणि मतदार 'मत फुकट जाईल' या धास्तीने आवडता लहान उमेदवार सोडतो. तिथे खरी लढत कोणाकोणात आहे ते बघून मत दिलंत, तर त्यात कमीपणा नाही.

पदवीधरला ही धास्ती सोडा. मनातल्या उमेदवारापुढे १ लिहा, मग २, ३. वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. तुमचा पहिला बाद झाला तरच तुमचा २ उघडतो. तो पहिल्याच्या आड येणार कसा? 'फक्त १ लिहा' असं सांगणाऱ्या कार्यकर्त्याला त्याच्या उमेदवाराची सोय बघायची असते. तेवढंच लिहिलंत आणि तो बाद झाला, तर पुढच्या फेऱ्यांत तुमचं मत उरत नाही. दुसरी पसंती हवी असलेल्या उमेदवाराला विरोधकाच्या मतदाराशीही नीट बोलावं लागतं. मला ही पद्धत त्यासाठीच मोलाची वाटते.

केंद्रावर दिलेला जांभळा स्केचपेनच वापरा. आकडाच काढा, बरोबरची खूण, फुली, सही किंवा अक्षरी 'एक' नको. १ एकाच नावापुढे.

ग्रामपंचायतीचं मतदान आणखी वेगळं. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेलं असतात. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य दुसऱ्याचा, असं खुशाल निवडा.

पदवीधरची मतदार यादी दर वेळी नव्याने होते, मागचं नाव चालत नाही. १ नोव्हेंबरपूर्वी पदवीला तीन वर्षं झालेली असली पाहिजेत. अर्ज नमुना १८ चा. विरार-डोंबिवलीत राहणारे आपले चाकरमानीही याच मतदारसंघात येतात, त्यांनाही आताच कळवा.