काटकसर करूनही पैसे का उरत नाहीत? घरखर्चातल्या या चुका टाळा

कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्या मावशींशी पाच रुपयांवरून घासाघीस, मोबाइलचा चार्जर आठवणीने काढून ठेवणं, दुधाची पिशवी कापून आतला शेवटचा थेंबही निपटून घेणं. एवढं करून २० तारखेनंतर ओढाताण आहेच. अशा घरांत काटकसर कमी नसते, तिची जागा चुकलेली असते. डोळ्यांसमोर पैसे जातात तिथे आपण हात आखडतो आणि मोजावं लागतं तिथे कंटाळा करतो. पुढच्या बहुतेक चुका मोजमापाच्याच आहेत.

पिशवीचा भाव वाचला, वजन वाचलं नाही

एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. दुकानात मात्र शेजारीशेजारी ठेवलेल्या पिशव्यांपैकी एखादीवर ९१०, एखादीवर ८७०, तर एखादीवर ८०० किंवा ७५० ग्रॅम छापलेलं असतं. दिसायला सगळ्या सारख्याच. समजा, ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आणि ८०० ग्रॅमची १३८ रुपयांना आहे. दुसरी घेतली की १२ रुपये वाचल्यासारखं वाटतं. हिशोब केला तर पहिली किलोला १६५ रुपयांच्या आसपास पडते आणि दुसरी १७२ रुपयांच्या वर जाते.

हा हिशोब मनात करायची गरज नाही. ठरावीक मापातच पॅकिंग करायची सक्ती काही वर्षांपूर्वी उठवली गेली आणि त्याबरोबर पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापणं बंधनकारक झालं. एमआरपीच्या जवळपास बारीक अक्षरात ती असते. चष्मा लावून एकदा वाचायची सवय लागली की तेल, बिस्किटं, साबण, धुण्याची पावडर, सगळीकडे उपयोगी पडते.

डब्याचीही तीच गोष्ट. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा, दोन्ही बाजारात असतात. १५ लिटर तेल भरतं जेमतेम साडेतेरा किलोच्या वर. दुकानदाराला ‘डबा कितीला?’ विचारण्याआधी ‘किलोचा की लिटरचा?’ हे विचारा.

मोठं पॅक नेहमी स्वस्तच पडतं, असंही समजू नका. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडतात.

वर्षाचं धान्य भरलं आणि श्रावणात पोरकिडे निघाले

मार्च ते मेमध्ये नवा गहू, ज्वारी, तूरडाळ येते तेव्हा वर्षाची बेगमी करणं शहाणपणाचंच आहे. चूक होते ती प्रमाणात. आईच्या काळी घरात सात-आठ माणसं होती, दोन्ही वेळा पोळ्या व्हायच्या, डबे जायचे. आज चौघं राहतात, त्यातला एक शिकायला बाहेरगावी, आणि आठवड्यातून दोनदा तरी बाहेरचं खाणं होतं. तरी पोती तेवढीच येतात. किती लागतं हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे दळणाच्या तारखा. पीठ दळून आणलं की कॅलेंडरवर किलो लिहून ठेवा. दोन महिन्यांच्या बेरजेला सहाने गुणलं की वर्षाचा आकडा हातात येतो.

कीड लागते त्याला बहुतेक वेळा ओल कारणीभूत असते. धान्याला कडक ऊन दाखवलं तरी ते गरम असतानाच कोठीत भरलं तर आत घाम धरतं. संध्याकाळी सावलीत पसरून पूर्ण निवू द्या, मग भरा. कडुलिंबाचा पाला टाकायचा तर खडखडीत वाळलेला हवा, ओला पाला स्वतःच बुरशी आणतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवायची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. पावसाळ्यात कोठी वारंवार उघडू नका. पंधरा दिवसांचं धान्य वेगळ्या डब्यात काढून वापरा.

एक गोष्ट मात्र कितीही कीड लागली तरी करू नका. धान्याच्या गोदामात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या घरच्या कोठीत टाकायच्या नाहीत. त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव त्याने गेलेले आहेत.

रवा, बेसन, शेंगदाणे आणि पोहे स्वस्त मिळाले तरी वर्षाचे भरायचे नसतात. शेंगदाणे खवट होतात आणि रव्यात जाळी धरते.

कांद्याची चूक तर दरवर्षीची. हिवाळ्यात भाव पडले की लोक गोणी उचलून आणतात. पण त्या वेळी बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा, आणि तो टिकत नाही. साठवायचा असतो उन्हाळ कांदा, मार्च ते मेमध्ये निघणारा. नाशिकचे शेतकरी चाळीत ठेवतात तो हाच. घरीही तो हवेशीर जागी, जाळीच्या कपाटात किंवा बांबूच्या टोपलीत पसरून ठेवला तर महिनोन्‌महिने राहतो. बटाट्यांच्या शेजारी ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. आठवड्यातून एकदा चाळवून सडका कांदा काढून टाकायचं काम मुलांकडे द्यायला हरकत नाही.

विजेचं बिल: चार्जर काढला, सेट टॉप बॉक्स चालूच

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. प्लगमध्ये नुसता लावून ठेवलेला मोबाइलचा चार्जर इतकी कमी वीज खातो की वर्षाचे चार-पाच युनिटही होत नाहीत. उलट टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू राहतो. तो १० वॅटचा धरला तरी महिन्याला सात युनिट होतात. भिंतीवरचं बटण बंद करायचं ते त्याचं.

दुसरा गैरसमज स्लॅबचा. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत. १०१ वा युनिट पडला की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वरचा दर फक्त १०० च्या पुढच्या युनिटांना लागतो. तो पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट असतो, हे मात्र खरं. म्हणून वीज वाचवली की सगळ्यात महाग युनिट आधी कमी होतात.

याचा उपयोग पंखे बदलताना करा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. तुमचा वापर १०० च्या वर असेल तर नव्या पंख्याची किंमत दीड-दोन वर्षांत वसूल होते. वापर कायम १०० च्या आत असेल तर जास्त वेळ लागेल. घाई करू नका. आणि दिवाळीत पाहुणे आले तरच फिरणारा खोलीतला पंखा बदलायचा नसतो. हॉलमधला बदला. बदलताना वायरमनला जुना रेग्युलेटर काढायला सांगा, बीएलडीसीला तो चालत नाही.

गीझर दहा मिनिटं आधी लावायचा की अर्धा तास, यावरून घरोघरी वाद होतात. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास अर्धा युनिट लागतो, मग घाई करा की निवांत. माणशी किती बादल्या गरम पाणी, यावर बिल ठरतं.

बिल अचानक वाढलं तर ऑफिसात भांडायला जाण्याआधी क्रमाने हे बघा. बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळतो का? बिल किती दिवसांचं आहे? महिन्याची बेरीज सोडा, दिवसाला किती युनिट पडले ते मागच्या बिलाशी ताडून पाहा. दोन-तीन महिने रीडिंग न घेता सरासरी बिल आलं असेल, तर पुढे एकदम मोठा आकडा येतो. तेव्हा ते युनिट तेवढ्या महिन्यांत विभागून स्लॅब लावलेत ना, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं असेल तर तो दंड नाही. ती ठेव तुमच्या नावावर राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं.

आकडे बरोबर असूनही शंका असेल तर घरातली सगळी बटणं, फ्रीज आणि इन्व्हर्टरही बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज जाते आहे. मग मेन स्विच बंद करा. दिवा थांबला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये, वायरमन बोलवा. तरीही लुकलुकत राहिला तर मीटर तपासणीचा अर्ज द्या.

महावितरणच्या बिलावर लवकर भरण्याची तारीख आणि तेव्हाची कमी रक्कम छापलेली असते. सूट १ टक्क्याच्या आसपासच असते, पण मुदत टळली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. दोन्ही तारखा पाळा.

गॅस

सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवा आणि घ्यायच्या आधी काट्यावर टाकायला सांगा. संकोच करू नका, काटा सोबत ठेवणं हे डिलिव्हरीवाल्याचं कामच आहे. ज्योत पिवळी दिसत असेल आणि भांड्यांना काजळी धरत असेल, तर बर्नरची छिद्रं बुजली आहेत. कुकरला प्रेशर आलं की आच मंद करा. मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसणं म्हणजे पैसे देऊन वाफ बाहेर सोडणं. हरभरा, राजमा रात्री भिजवायला विसरलात तर त्या दिवशी मूगडाळ करा.

फुकटातलं महाग

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपवर दही मागवताना ‘मोफत डिलिव्हरीसाठी आणखी ८० रुपयांची खरेदी करा’ असं येतं आणि आपण चिप्स टाकतो. त्यावर हाताळणी शुल्क वेगळंच. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पायात चप्पल अडकवून गेलो असतो तर फक्त दही आलं असतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही तेच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केलं होतं. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्ही सोडलेली असते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकानात एकच प्रश्न विचारा: आत्ता सगळे पैसे दिले तर कितीला द्याल?

क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहणं ही घर पोखरणारी चूक आहे. ४०,००० रुपये थकले आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज असेल, तर व्याज १,४०० आणि त्यावर जीएसटी २५२. तुम्ही २,००० भरले तर मुद्दल उतरलं फक्त ३४८ रुपये. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. मुदत ठेव मोडावी लागली तरी मोडा. तिच्यावर मिळणारं व्याज या दराच्या पासंगालाही पुरत नाही.

कात्री कुठे लावायची नाही

पैसे कमी पडले की पहिली नजर जाते घरकामाच्या ताईंच्या पगारावर. माझ्या मते हे चूकच आहे, आणि फायद्याचंही नाही. त्या सोडून गेल्या की नवीन कोणी मिळेपर्यंत बाहेरून डबे मागवण्यात त्याच्या दुप्पट जातात.

आरोग्यविम्याचा हप्ता चुकवणं तर त्याहून महागात पडतं. मुदत आणि सवलतीचे दिवस दोन्ही उलटून पॉलिसी बंद पडली, तर नवी घेताना जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात. रक्तदाब, मधुमेहाची रोजची औषधं महाग पडत असतील तर गोळ्या अर्ध्या करून खाऊ नका. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात तेच विचारा. बिलात पडणारा फरक पहिल्याच महिन्यात दिसेल.

पुण्यात स्वतःच्या घरात राहत असाल तर मिळकतकराच्या बिलावर ४० टक्क्यांची सवलत लागली आहे का, ते बघा. लागली नसेल तर पीटी-३ अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो.