खाऱ्या पाण्याच्या टँकमधील कोळंब्यांची भांडणे कशी आवरावीत

टँकच्या तळाशी सकाळी एखादी कोळंबी निपचित पडलेली दिसली की नवखा पाळणारा ती मेली असे समजून हळहळतो आणि दुसरी आणायला निघतो. त्याने आधी चिमट्याने ती उचलून पाहावी. आतून पोकळ, काचेसारखी पारदर्शक, डोक्यामागे उसवलेली, पण मिशांपासून डोळ्यांवरच्या टोप्यांपर्यंत सारे काही जागच्या जागी असलेली ती वस्तू म्हणजे कोळंबीने टाकलेली कात असते आणि तिची मालकीण जवळच्याच कपारीत दडून बसलेली असते. मेलेली कोळंबी मात्र तव्यावर परतल्यासारखी पांढरट-गुलाबी आणि अपारदर्शक होते व तिच्या शेपटीत मांस असते. हा फरक आधी सांगण्याचे कारण असे, की कोळंब्यांमधील बहुतेक जीवघेणे हल्ले कात टाकलेल्या रात्रीच होतात. नवे कवच कडक होईपर्यंतच्या एक-दोन दिवसांत तिच्या नांग्या निकामी असतात, अंग लिबलिबीत असते आणि एरवी जी शेजारीण नुसती मिशा उगारून थांबते, तिला तेवढी संधी पुरते.

सर्वाधिक गैरसमज लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या क्लीनर श्रिंपबद्दल, म्हणजे लिस्माटा ॲम्बोइनेन्सिसबद्दल आहे. ती माशांच्या अंगावर चढून त्यांची साफसफाई करते, आपला हात पाण्यात गेला तर नखेही कोरते, त्यामुळे ती भांडखोर असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. मीही एका दुकानदाराच्या सांगण्यावरून अशा तीन कोळंब्या एकदम आणल्या होत्या. दीड महिन्यात दोनच उरल्या आणि मी निष्कारण पाणी तपासत बसलो. नंतर 2011 मधील एका अभ्यासाबद्दल वाचले, तेव्हा उलगडा झाला: तीन-चारच्या गटात ठेवलेल्या या कोळंब्या एकमेकींना मारून बहुतेक वेळा जोडीवर येतात, आणि मारली जाणारी बहुधा नुकतीच कात टाकलेली असते. म्हणून पहिला आणि सर्वांत उपयोगी नियम असा, की क्लीनर एक ठेवावी किंवा दोन ठेवाव्यात. तीन कधीही ठेवू नयेत. या जातीत प्रत्येक प्रौढ प्राणी एकाच वेळी नर आणि मादी असतो, त्यामुळे कोणत्याही दोघींची जोडी जमू शकते आणि नर-मादी निवडण्याची कटकट उरत नाही.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या आणि लांब नांग्यांच्या बॉक्सर श्रिंपचे, म्हणजे स्टेनोपस हिस्पिडसचे, प्रकरण अधिक कडक आहे. तिच्यात नर व मादी वेगळे असतात, ठरलेली जोडी आपली जागा राखून असते आणि एकाच लिंगाचे दोन प्राणी घरगुती टँकमध्ये टिकत नाहीत. मादी बहुधा अंगाने भरलेली असते आणि अंडी तयार होत असताना तिच्या पोटाच्या वरच्या भागात निळसर-हिरवी छटा दिसते. तरीही केवळ डोळ्यांच्या भरवशावर जोडी जमवण्यापेक्षा दुकानात एकाच कप्प्यात शांतपणे राहणारी तयार जोडी घ्यावी. हा प्राणी आपल्या जोडीदाराला ओळखतो, हे 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातच दिसले होते. त्यामुळे काही कारणाने एकाला काही दिवस बाजूला काढावे लागले तरी तोच जोडीदार परत सोडावा, त्याच्या जागी नवा नव्हे. बॉक्सर आणि क्लीनर एका टँकमध्ये ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. दोनशे लिटरच्या आतील टँकमध्ये माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, कारण क्लीनरला कात टाकण्याच्या रात्री लपायला तेथे पुरेशी दूर जागाच मिळत नाही. पेपरमिंट किंवा इवलीशी सेक्सी श्रिंप यांचे मात्र गटात चांगले जमते. त्यांच्या बाबतीत चिंता बॉक्सरपासून त्यांना दूर ठेवण्याचीच आहे.

जोडी आणायची ठरली तर दोन्ही कोळंब्या एकाच दिवशी सोडाव्यात, कारण आधी स्थिरावलेली सगळा टँक आपला मानते. एक आधीच असेल तर नवी सोडण्यापूर्वी दगडांची मांडणी थोडी बदलावी, म्हणजे दोघींनाही घर नव्याने शोधावे लागते. पिशवीतील पाण्यात टँकचे पाणी बारीक नळीतून थेंबाथेंबाने तास-दीड तास मिसळत राहावे, कारण क्षाराच्या अचानक बदलाने कोळंबी वेळेआधी कात टाकू शकते, आणि अनोळखी टँकमध्ये पहिल्याच रात्री कात टाकणे याहून वाईट सुरुवात नाही. पाण्याची विशिष्ट घनता, म्हणजे खारेपणाचे माप, 1.025 च्या आसपास आणि तापमान 25 ते 26 अंशांवर स्थिर ठेवावे. आपल्याकडच्या मे महिन्यात चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, नसेल तर हे दुसरे काम फार कठीण जाते. सोडण्याची वेळ दिवे मालवल्यानंतरची असावी.

लपण्याच्या जागांबद्दल एक बारकावा सांगितलाच पाहिजे. गुहेला एकच तोंड असेल तर ती आसरा न राहता सापळा होते. आत शिरलेल्या मऊ कोळंबीला बाहेर पडायला दुसरी वाट नसते. म्हणून कपारी आरपार आणि अरुंद असाव्यात व टँकच्या दोन्ही टोकांना असाव्यात. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे प्रवाळाच्या तुकड्यांऐवजी सिरॅमिकचे दगड वापरावेत. कोळंबीला त्याने काही फरक पडत नाही. अन्नही लांब चिमट्याने दोन टोकांना वेगवेगळे द्यावे. मात्र पोट भरलेले असले की भांडण मिटते असे नाही. पोट भरलेली क्लीनरही तिसरीला मारू शकते.

संशय आला तर रात्री लाल काच लावलेल्या बॅटरीने पाहावे, कारण त्या उजेडाने कोळंबी फारशी बिचकत नाही. एकीने दुसरीचा पाठलाग करणे, तिला सतत पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात राहावे लागणे, मिशा तुटून आखूड होणे, नांगी गळणे ही लक्षणे ओळखीची आहेत. गळलेली नांगी पुढच्या एक-दोन कातींत परत येते, पण तेवढा अवधी तिला मिळायला हवा. एक कोळंबी दुसरीचे प्रेत खाताना दिसली एवढ्यावरून मात्र तिला खुनी ठरवू नये. मेलेले प्राणी खाणे हा त्यांचा नित्याचा उद्योग आहे.

मार खाणाऱ्या कोळंबीला त्याच रात्री टँकमध्येच अडकवलेल्या जाळीदार ब्रीडर बॉक्समध्ये हलवावे आणि आत पीव्हीसी पाइपचा एक तुकडा ठेवावा. अंडी धरणाऱ्या क्लीनरच्या बाबतीत तर आधीच तारीख बांधता येते: पोटाखालची हिरवट अंडी फुटून पिल्ले पाण्यात सुटली की बहुधा लगोलग ती कात टाकते. दोन-तीन वेळच्या तारखा वहीत लिहून ठेवल्या की पुढची रात्र अंदाजाने कळू लागते. अशक्त कोळंबीला त्याआधी बाजूला घ्यावे आणि कवच कडक होईपर्यंत, म्हणजे निदान दोन दिवस, परत सोडू नये. जोडीतल्या दोघींना एरवी वेगळे करण्याची गरज नसते. तिसरी असेल तर मात्र पेटीचा उपयोग दुकानदार तिला परत घेईपर्यंतच समजावा.