वर्दळीच्या जागेसाठी व्हिनाईल फ्लोरिंग घेताय? नुसत्या जाडीला भुलू नका

व्हिनाईल (पीव्हीसी प्लास्टिकची, फळ्यांच्या किंवा रोलच्या रूपात मिळणारी फरशी) घ्यायला गेलं की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, किती एमएमचं आहे? आणि विकणाराही खुशीत सांगतो, हे चारचं, हे सहाचं, हे एकदम हेवी आठचं. आता खरं सांगायचं तर ही जाडी म्हणजे अख्ख्या फळीची जाडी, त्यातला बराचसा भाग मधला गाभा असतो आणि तुमच्या पायाखाली जे झिजणार आहे ते वरचं पारदर्शक पातळ थर, त्याला वेअर लेयर म्हणतात, ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, कधी कधी तेवढंही नसतं. त्याच्या लगेच खाली लाकडाचं किंवा दगडाचं डिझाईन छापलेली फिल्म. वेअर लेयर संपलं की डिझाईन पुसायला लागतं आणि मग काही करता येत नाही, कारण लाकडासारखं घासून पॉलिश करायची सोय यात नाही. त्यामुळे आठ एमएमच्या फळीवर ०.२ चा वेअर लेयर असेल आणि चार एमएमच्या फळीवर ०.५ चा, तर दाराशी, पॅसेजमध्ये चार एमएमवालीच जास्त टिकणार.

वेअर लेयर कधी मिलिमीटरमध्ये लिहितात कधी मिलमध्ये, आणि इथे लोक हमखास गोंधळतात. मिल म्हणजे मिलिमीटर नाही, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. १२ मिल म्हणजे साधारण ०.३ मिमी, २० मिल म्हणजे ०.५ मिमी. माझा हिशोब साधा आहे, पाहुण्यांची खोली किंवा कमी वापराची बेडरूम असेल तर १२ मिल पुरतं, पण मेन दरवाजा, पॅसेज, किचन, हॉल, आणि घरात मुलं किंवा कुत्रं असेल तर २० मिलच्या खाली जाऊ नका. ६ मिलवालं तर वर्दळीच्या जागेत लावूच नका, भाड्याच्या घरात थोड्या दिवसांसाठी वगैरे ठीक आहे.

पाकिटावर युरोपियन पद्धतीचा वापराचा क्लास छापलेला असेल तर तोही बघा. दोन आकडी नंबर असतो, पहिला आकडा २ म्हणजे घरगुती, ३ म्हणजे दुकान-ऑफिससारखी जागा, ४ म्हणजे हलकी कारखान्यासारखी. दुसरा आकडा जितका मोठा तितका वापर जास्त. म्हणजे २१ म्हणजे घरातली कमी वापराची खोली, २३ म्हणजे घरातली भरपूर वापराची, आणि ३३ म्हणजे जिथे दिवसभर लोकांची ये-जा आहे अशी जागा. घरात ३३ लावलं म्हणून काही बिघडत नाही, वर्दळीच्या भागात तर मी म्हणेन जमत असेल तर तेच घ्या.

अजून एक गैरसमज. वेअर लेयर जाड म्हणजे ओरखडे पडणार नाहीत असं नाही. ओरखडे पाडते चपलेबरोबर आत येणारी वाळू, ती पायाखाली सँडपेपरचं काम करते. जाड थराने एवढंच होतं की ओरखडा छपाईपर्यंत पोचायला वेळ लागतो. ओरखडे कमी पडणं आणि दिसणं हे वरच्या कोटिंगवर (बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचं असतं, काहींमध्ये सिरॅमिकचे बारीक कण घालतात) आणि फिनिशवर अवलंबून. चकचकीत फरशी शोरूममध्ये भारी दिसते पण घरी तिरप्या उजेडात एकेक रेघ मोजून घ्या! मॅट, थोडी खरबरीत, मध्यम रंगाची, रंगात चढउतार असलेली घ्या. गडद काळपट रंगावर धूळ दिसते आणि एकसारख्या पांढऱ्यावर सगळंच दिसतं.

गाभ्याचं बघू. एसपीसी म्हणजे चुनखडीची पावडर आणि पीव्हीसी मिळून केलेला गाभा, कडक, जड, टेबलाच्या पायाने किंवा पडलेल्या भांड्याने सहजासहजी खड्डा पडत नाही, उष्णतेने फुगणंही त्यामानाने कमी. डब्ल्यूपीसीचा गाभा फेसाळलेला, हलका, पायाला मऊ आणि उबदार लागतो, आवाज कमी, पण जड कपाट ठेवलं की खळगा पडतो. वर्दळीच्या जागेला एसपीसी, फार वेळ उभं राहायचं असेल आणि जड सामान नसेल तर डब्ल्यूपीसी, असा माझा कौल. तिसरा प्रकार म्हणजे पातळ, लवचिक, गोंदाने चिकटवायच्या फळ्या. दिसायला या गरीब वाटतात, पण चाकाची खुर्ची फिरणार असेल किंवा मोठ्या खिडकीतून कडक ऊन येत असेल तर नीट चिकटवलेली फळी क्लिकवाल्यापेक्षा (म्हणजे न चिकटवता, कडेच्या जीभ-खाचेने एकमेकींत अडकवायच्या फळ्यांपेक्षा) जास्त शहाण्यासारखी वागते. आणि एखादी खराब झाली तर तेवढीच गरम हवेने सैल करून काढता येते, क्लिकमध्ये बऱ्याचदा भिंतीपासून उकलत यावं लागतं. मागचा कागद सोलून चिकटवायचे स्टिकर टाईप तुकडे मात्र वर्दळीत कोपऱ्यांतून उचकटतात, ते नकोच.

पाण्याबद्दल. वॉटरप्रूफ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही, फळी स्वतः भिजत नाही. पण सांध्यातून, कडेतून पाणी खाली गेलं की ते तिथेच अडकून बसतं, वास मारतं, बुरशी धरते. म्हणून बाथरूमला किंवा सतत पाणी सांडणाऱ्या जागेला फळ्यांपेक्षा रोलमधलं शीट व्हिनाईल बरं, सांधे कमी, कडा सिलिकॉनने बंद करायच्या. ओल्या जागेत घसरण्याचं रेटिंगही विचारा, गुळगुळीत व्हिनाईल ओल्या पायाला दगा देतं.

नमुना बघताना काय करायचं ते सांगते. नुसता तळहाताएवढा तुकडा बघून ठरवू नका, पूर्ण फळी मागा. कडेने डोळ्यासमोर धरा, थर दिसतात, वरचं पारदर्शक, मग छपाई, मग गाभा, खाली कधी फोमचा पातळ थर. मग क्लिकची जीभ बोटाने जरा वाकवून बघा, लगेच तुकडा पडला तर ती बसवतानाच तुटणार. दोन फळ्या जोडून सांध्यावरून नख फिरवा, अडकायला नको. नमुना घरी नेता आला तर किल्लीने ओरखडा, थोडे दिवस दाराशी टाकून सगळ्यांना त्यावरून चालू द्या आणि सकाळच्या आणि दिव्याच्या अशा दोन्ही उजेडात बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं, खालची जमीन. महागातली महाग फळी उंचसखल जमिनीवर टाकली तर खळग्यावर पाय पडला की ती दबते, परत उठते, असं रोज शेकडो वेळा होतं आणि एक दिवस क्लिक तुटतं, मग फट पडते. आणि हे वर्दळीच्या वाटेवरच आधी होतं. बऱ्याच कंपन्या ३ मीटरमध्ये साधारण ५ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही असं सांगतात, लांब सरळ पट्टी ठेवून खाली उजेड दिसतो का बघा, फरक असेल तर आधी लेव्हलिंग, म्हणजे जमीन सपाट करून घ्या. जुन्या टाईल्सवर टाकत असाल तर सुट्या वाजणाऱ्या टाईल्स आधी पक्क्या करा आणि रुंद खाचा भरून घ्या, पातळ चिकटवायच्या व्हिनाईलमधून तर प्रत्येक खाच वर उमटते. काँक्रीट असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेवा, खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर ओल आहे, आधी तिचा बंदोबस्त. आणि हो, फळीला खाली फोम चिकटवलेला असेल तर अजून एक मऊ फोम अंथरू नका, जास्त मऊ म्हणजे जास्त हलणार आणि क्लिक तुटणार.

माल १० टक्के जास्त घ्या, तिरपं डिझाईन असेल तर अजून थोडा, आणि उरलेल्या फळ्या फेकू नका, नंतर तोच रंग मिळेलच असं नाही. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे का बघा. बसवण्याआधी खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा. क्लिकवाल्यात भिंतीशी ६ ते १० मिमी फट ठेवायला सांगा (पॅकेटवर लिहिलेली असेल ती पाळा), आणि किचनची बसवलेली कपाटं फळीवर ठेवून तिला जखडू नका, आधी कपाटं मग फरशी. जिन्यावर तरंगती (न चिकटवता टाकलेली) फळी कधीच नाही, तिथे पूर्ण चिकटवून पायरीच्या कडेला नोझिंगची (कड झाकणारी) पट्टी.

वॉरंटी वाचताना मोठा आकडा बघून खुश होऊ नका. घरगुती आणि कमर्शियल अशी वेगळी मुदत असते, कमर्शियलची मुदत किती आहे ते बघा, खरा भरवसा त्यात दिसतो. बऱ्याच वॉरंट्यांमध्ये ओरखडे, खळगे, ऊन, चुकीचं बसवणं हे सगळं बाहेर असतं. फ्थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) नसलेलं आणि कमी वास सोडणारं आहे का तेही विचारून ठेवा, लहान मूल जमिनीवर रांगत असेल तर विशेष.

बसवल्यावर दाराच्या बाहेर एक आणि आत एक पायपुसणं टाका, पण रबराच्या तळाचं नको. रबरातली द्रव्यं व्हिनाईलमध्ये शिरून पिवळा डाग पडतो आणि तो आतून असल्यामुळे घासून जात नाही. खुर्ची-टेबलाच्या पायांना फेल्ट (नमद्यासारख्या जाड मऊ कापडाच्या चकत्या) लावा, त्यात वाळू अडकली की बदला. स्टीम मॉप वापरू नका, झाडू मऊ, फडकं पिळून ओलसर.