डेस्मोग्लिनचा तक्ता पाठ करू नका

स्किनला पहिल्या वर्षाला लागलात की पेम्फिगसचा (स्वतःच्याच अँटिबॉडीमुळे त्वचेवर आणि तोंडात फोड आणणारा आजार) पेशंट लवकरच तुमच्या बेडवर येतो, आणि त्याच्या पाठोपाठ सिनियरकडून एक तक्ताही येतो: अँटिबॉडी कोणत्या डेस्मोग्लिनविरुद्ध, तर फोड कुठे. डेस्मोग्लिन ३ म्हणजे तोंड, डेस्मोग्लिन १ म्हणजे त्वचा, दोन्ही म्हणजे दोन्हीकडे. तक्ता चुकीचा नाही, फक्त पहिल्या उलटप्रश्नाला तो साथ सोडतो. माझी साथ त्याने केस प्रेझेंटेशनमध्ये सगळ्या विभागासमोर सोडली.

सरांनी विचारलं, "स्टॅफिलोकोकल स्काल्डेड स्किनमध्ये पोराचं अंग सोलवटून निघतं, मग तोंड का शाबूत राहतं?" हा काय पेम्फिगसचा प्रश्न झाला, असं मला वाटलं. तो तर स्टॅफ जंतूचा आजार, आणि आमच्या तक्त्यात जंतू नव्हताच.

डेस्मोग्लिन हे केराटिनोसाइटच्या (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीच्या) पटलातून आरपार गेलेलं कॅडहेरिन, म्हणजे पेशी जोडणारं प्रथिन, डेस्मोसोम या सांध्यातलं टिचबटण, एवढं तुम्हाला एमबीबीएसपासून ठाऊक आहे. तक्त्यात येत नाही ती गोष्ट म्हणजे कोणतं बटण कोणत्या थरात किती आहे. ती चित्रातच दिसते, म्हणून कागद घ्या.

तीन उभे चौकोन काढा: मोठ्या माणसाची त्वचा, तोंडाचं आतलं अस्तर आणि नवजात बाळाची त्वचा. डेस्मोग्लिन १ लाल, ३ निळं. मोठ्यांच्या त्वचेत लाल तळापासून वरपर्यंत भरा, वर जास्त गडद. निळं फक्त खालच्या थरांत. तोंडात उलट: निळं सगळीकडे, लाल अगदी फिकं. बाळाच्या त्वचेत निळं तोंडासारखंच वरपर्यंत जातं. हा तिसरा चौकोन बहुतेक जण काढतच नाहीत.

आता खोडरबर, म्हणजे पेशंटच्या अँटिबॉडी. लाल पुसा. मोठ्यांच्या त्वचेत वरचे थर उघडे पडले, तिथेच फाट पडते, आणि तो झाला पेम्फिगस फोलिएशियस. तोंडात निळं आहे, म्हणून तोंड वाचतं. निळं पुसा. तोंड गेलं, पण त्वचेत लाल सांभाळून घेतं, म्हणून हा पेशंट महिनोन्महिने "तिखट झोंबतं" म्हणत डेंटिस्टकडे फिरतो आणि अंगावर एक फोड नसतो. दोन्ही पुसा, की अंगावरही फोड. हे दोन्ही झाले पेम्फिगस व्हल्गॅरिस. मग सगळे थर का सुटत नाहीत, फाट बेसल (सगळ्यात खालच्या) थराच्या लगेच वरच का? अँटिबॉडी डर्मिसकडून वर झिरपतात आणि खालच्या थरांत डेस्मोसोम कमी असतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. बेसल पेशी मात्र हेमिडेस्मोसोमच्या (खालच्या पडद्याला धरणाऱ्या वेगळ्या सांध्यांच्या) जोरावर खाली चिकटून राहतात. बायॉप्सीत दिसणारी टूमस्टोनची (थडग्याच्या दगडांसारखी) रांग ती हीच.

सरांच्या प्रश्नाचं उत्तरही याच कागदावर होतं. स्टॅफचं एक्स्फोलिएटिव्ह टॉक्सिन डेस्मोग्लिन १ कापतं, ३ ला हात लावत नाही. अँटिबॉडी नाही, ऑटोइम्युनिटी नाही, तरी फाट फोलिएशियसच्याच उंचीवर. अमागाई आणि स्टॅन्ली यांच्या गटाने २००० साली हे दाखवलं. व्हल्गॅरिसचं अँटिजेन कॅडहेरिन कुळातलं आहे, हे १९९१ मध्ये दाखवणाऱ्यांत हेच दोघे होते. आणि फोलिएशियस असलेल्या आईची अँटिबॉडी वारेतून बाळात जाऊनही बाळ सहसा स्वच्छ का जन्मतं? तिसरा चौकोन बघा. व्हल्गॅरिस असलेल्या आईच्या बाळाला मात्र फोड येऊ शकतात.

घाबरू नका, हे अवघड नाही. कागद चार वेळा काढलात की हातात बसतं. पण "पेम्फिगस दहा मिनिटांत" छापाचे व्हिडिओ आधी बघू नका. ते तक्ताच रंगवून देतात. गाइडबद्दलही माझं मत पक्कं आहे: "पेपर वाच" म्हणणाऱ्या दहांपेक्षा हातात खडू देणारा एक बरा, मग तो कितीही खेकसो.

व्हायव्हात एक वाक्य राखून ठेवा: एक बटण गेलं तर दुसरं सांभाळून घेतं, या कॉम्पेन्सेशनच्या सिद्धांतात सगळे पेशंट बसत नाहीत. काहींच्या अँटिबॉडी आणि फोडांच्या जागा जुळत नाहीत, आणि अँटिबॉडी चिकटल्यावर पेशीच्या आत पी३८ सारखे सिग्नलही हलतात. एवढं बोला आणि थांबा, परीक्षक स्वतःच पुढे बोलायला लागतात.

बायॉप्सीबद्दल थोडक्यात. दोन तुकडे, दोन बाटल्या. ताजा फोड फॉर्मेलिनमध्ये. डीआयएफचा (डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे पेशींना चिकटलेली अँटिबॉडी चमकवून दाखवणारी तपासणी) तुकडा फोडाशेजारच्या धड दिसणाऱ्या त्वचेचा, मायकेल्स मीडियममध्ये. तो फॉर्मेलिनमध्ये गेला तर पेशींभोवती चमकणारी अँटिबॉडीची जाळी दिसणार नाही, आणि पेशंटला पुन्हा सुई टोचायला तुम्हालाच जावं लागेल. मीडियम संपलं असेल तर नॉर्मल सलाइन चालतं, पण मग लॅबला तुकडा एका दिवसाच्या आत पोचवा.

सगळ्यात जास्त घोळ एलायझाच्या (रक्तातल्या अँटिबॉडी मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टवर होतो. डेस्मोग्लिन १ च्या अँटिबॉडीचा आकडा बहुधा त्वचेच्या आजाराबरोबर चढतो-उतरतो. ३ चा मात्र तोंड पूर्ण भरून आल्यावरही चढा राहू शकतो. तो आकडा बघून स्टिरॉइड वाढवायचं नाही. डॉ. पसरिचांचा डीसीपी पल्स (डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइडचे ठरावीक अंतराने मोठे डोस) चालू असो की रिटक्सिमॅब (गंमत म्हणजे त्याचं लक्ष्य सीडी२० हेही पटलातलंच प्रथिन, फक्त बी पेशींच्या), आधी टॉर्च घेऊन गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर बघा. नवीन फोड किती, जुने भरताहेत का, हे शीटवर रोज लिहा. फाइल पुढे येते तेव्हा सर रिपोर्टच्या आधी तेच पान उघडतात.